काकींच्या सत्तरीला निखाऱ्यावरचं जेवण

म्हार्दोळ, गोवा
२ मे

प्रिय मित्रा,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. "काकींची सत्तरी आहे, पण यंदा काही करत नाही, पस्तीस माणसांना घालायला पैसे नाहीत," असं तू म्हणालास आणि लगेच विषय बदललास. तुला तेव्हा काही बोललो नाही, म्हणून आता लिहितो. सत्तरी करायची. हॉलमध्ये नाही, केटररकडून नाही. तुझ्याच अंगणात, २४ तारखेच्या रविवारी संध्याकाळी, कोळशावर.

यात मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. कोळशावरचं जेवण महाग असतं ते आपण दुकानातला बार्बेक्यू घरी आणायला जातो म्हणून. आपल्या आया चुलीतले निखारे बाजूला ओढून बांगडा भाजत होत्या, त्याला कधी पैसे लागले नव्हते. फुटबॉल खेळून चिखलाने माखून आलो की काकी आपल्याला मीठ लावलेला बांगडा निखाऱ्यावर भाजून, वर खोबरेल तेलाचे चार थेंब सोडून द्यायच्या, आठवतं? तेच करायचं. फक्त पस्तीस माणसांसाठी.

मागच्या वर्षी बाबांच्या पंचाहत्तरीला माझं नेमकं उलट झालं, तेही सांगतो. एका ओळखीच्यांकडून पत्र्याचा छोटा बार्बेक्यू आणला आणि मसाला लावून गोठवलेलं मांस विकत घेतलं. निम्मे पैसे त्यातच गेले. जाळी केवढी, तर एका वेळी सहा तुकडे बसतील एवढी. तीस माणसं ताटकळली. लहान मुलं उपाशी झोपली आणि बाबांना रात्री साडेदहाला जेवायला मिळालं. त्या रात्रीचं मला अजून वाईट वाटतं. तुझ्याकडे तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून पहिली गोष्ट जाळी.

माझ्याकडे परसात कोरडे चिरे पडून आहेत, ते मी आणतो. दोन समांतर रांगा, मध्ये दीड हात जागा, दोन थर उंची, लांबी पाच फूट. खाली वाळू पसरायची. चिरे कोरडेच हवेत. पाणी प्यालेला दगड आगीत तडकतो, म्हणून अवकाळी पाऊस पडला तर ते आदल्या दिवशीच व्हरांड्यात घ्यायचे. वर काळ्या लोखंडाची जाळी किंवा वेल्डरकडचे साधे गज. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मात्र अजिबात नको. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो तापला की विषारी धूर सुटतो. नवी जाळी आधी एकदा नुसत्या आगीवर अर्धा तास तापवायची, मग अर्धा कांदा तेलात बुडवून तिच्यावर फिरवायचा. पाच फुटांच्या जाळीवर एका खेपेला वीस बांगडे बसतात. कोणाला वाट पाहावी लागत नाही.

सरपणासाठी करवंट्या जमवायला आजपासून लाग. आळीतल्या चार घरांना सांगितलंस तर तीन आठवड्यांत पोतं भरेल. करवंटी धडाडून पेटते आणि तिचा निखारा कडक असतो. मात्र नुसत्या करवंट्या लवकर बसतात, म्हणून खाली आठ किलो लाकडी कोळसा लागेल. जेवायच्या पाऊण तास आधी पेटव. काळ्या कोळशावर किंवा ज्वाळेवर काही ठेवायचं नाही, राखेचा पांढरा थर आला की मगच. एका टोकाला निखारे दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ ठेव, म्हणजे जे आधी भाजलं जाईल ते विरळ बाजूला सरकवता येईल. आणि तुझ्या काजूच्या झाडांखालचा पालापाचोळा त्या सकाळी झाडून काढ. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात किती आगी लागल्या ते आपण पाहिलंच आहे. पाण्याच्या दोन बादल्या जवळ हव्यातच.

आता जेवण. निम्मी माणसं आगीकडे बघत भुकेली उभी राहतात आणि यजमान घाबराघुबरा होऊन कच्चंच वाढतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं. म्हणून आगीवरचं काही यायच्या आधी पोटाला आधार हवा. वहिनींना सांग, दीड किलो अळसांदे (आपली मोठी चवळी) आदल्या रात्री भिजत घालून सकाळी मोठ्या टोपात तोणाक, म्हणजे दाट रस्सा, करून ठेवा. भाजलेलं खोबरं, धणे, मिरी, थोडी चिंच, त्या करतात तसंच. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, दोन दिवस आधी सत्तर पोयांची (कोंड्याच्या पावांची) ऑर्डर दे. पोई आणि तोणाक घेऊन माणूस निवांत बसतो, मग निखाऱ्यावरच्या एका तुकड्यानेही तृप्त होतो. खर्च आवरायची सगळी किल्ली या टोपात आहे.

बांगडे चार किलो घे, मध्यम आकाराचे किलोला सात बसले तर अठ्ठावीस होतात. इसवण (सुरमई) आणि चोणक असले महागडे मासे विसर. मालिम जेटीवर पहाटे गेलं तर भाव बरा मिळतो, मी येईन बरोबर. आपण मे महिन्यात आहोत हे बरं, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद आणि मग मासळीला हात लावायची सोय नसते. बांगडे महाग निघाले तर तारले घ्यायचे, केळीच्या पानात चार-चार बांधून भाजायचे. तेही तितकेच चांगले, आणि काकींना तर जास्त आवडतात.

बांगड्याच्या पोटात भरायचा रेशाद मसाला घरीच वाट. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काश्मिरी मिरच्या, माडाचं व्हिनेगर आणि सोलं एकदमच मिळतील, अळसांदेसुद्धा तिथलेच घे. एक लक्षात ठेव, तव्यावरच्या रेशादात आपण साखर घालतो ती इथे चिमूटभरच. निखाऱ्यावर साखर आधी करपते आणि मासा आत कच्चा राहतो. मासा एका बाजूला चार-पाच मिनिटं अजिबात हलवायचा नाही. शिजला की तो आपणहून जाळी सोडतो.

कोंबडीचे पाय घे, सहा किलो, हाडासकट. बिनहाडाचं महाग पडतं आणि आगीवर सुकतं. त्याला काफ्रिआलचा हिरवा मसाला: कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लिंबू. हा पदार्थ पोर्तुगीजांच्या काळात मोझांबिककडून आपल्याकडे आला असं सांगतात. आपण तो तव्यावर करायला लागलो, पण तो मुळात आगीवरचाच. मसाला रात्रभर लावून फ्रीजमध्ये ठेव. पस्तीस माणसांची कोंबडी कच्चीपासून कोळशावर शिजवायची तर पाऊण तास आणि दुप्पट कोळसा जातो, म्हणून आधी टोपात झाकण ठेवून तिच्याच मसाल्यात शिजव आणि लगेच, गरम असतानाच, जाळीवर दहा मिनिटं रंग येईपर्यंत भाज. अर्धवट शिजवून दुपारभर ठेवायची नाही, मेच्या उन्हात ते धोक्याचं असतं. मासळी आणि कोंबडी शेवटपर्यंत बर्फात राहू दे. दहा किलो बर्फ लागेल, त्यात कंजूसपणा करू नकोस.

शाकाहारी सहा जण आहेत म्हणालास. त्यांना बटाट्याच्या भाजीवर बसवू नकोस, हे मी जरा आग्रहानेच सांगतो. तुझ्या परसातला कोवळा फणस काप, मिठाच्या पाण्यात अर्धवट उकड आणि तोच काफ्रिआल मसाला लावून सळईवर भाज. नीरफणस मिळाला तर त्याच्या जाड चकत्या मीठ-मिरची-हळद लावून. त्यांच्यासाठी चिऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला वेगळी जाळी आणि वेगळा चिमटा. तुझ्या आत्या हे बघतील, आणि त्यांना बरं वाटेल. फणसाच्या आठळ्या राखेत पुरून ठेव, मुलं काठीने उकरून काढतील. त्यांची संध्याकाळ त्यातच जाईल.

सोबत सोलकढी, दोन नारळांऐवजी चार घे, आणि घोटांचं (रानटी छोट्या आंब्यांचं) सासव, खोबरं-मोहरी लावलेलं. घोटं तर तुमच्या मागच्या झाडाखाली फुकट पडलेली असतात. शेवटी पिकलेला फणस काप. मानकुराद आंब्यांचा भाव त्या आठवड्यात उतरला तर बघू, नाहीतर अजिबात नाही.

दारूचं तू विचारलंस. ठेवू नकोस. काकींची सत्तरी आहे, थंडगार कोकम सरबत द्यायचं आणि आधीच तसं सांगायचं, कोणी मनाला लावून घेणार नाही.

माझ्या हिशेबात हे सगळं साडेसहा हजारांच्या आत बसतं. मासळीचा भाव त्या सकाळी चढला तर पाचशे इकडे-तिकडे. लोकांकडून वर्गणी काढू या असं तुझ्या भावाने सुचवलं म्हणालास, ते मला पटत नाही. पैसे मागितले की माणूस पाहुणा राहत नाही. पण वस्तू मागायला संकोच करू नकोस. शेजारच्या आजींकडे नारळ, तुझ्या मेव्हण्याकडे केळीची पानं, मोठ्या बहिणीकडे सोलकढी, माझ्याकडे चिरे, जाळी आणि कोळसा. जो काही घेऊन येतो तो आगीजवळ हात लावायलाही थांबतो.

नोकरी गेल्यापासून तू माणसांना टाळतोस, हे मी पाहतोय. फेब्रुवारीत जत्रेलाही आला नाहीस. तुला कोणी त्यावरून जोखत नाही रे. माझ्या बाबांच्या आजारपणात तू अकरा रात्री हॉस्पिटलच्या बाकावर काढल्यास, एकदाही न सांगता. ती बाकी माझ्याकडे आहे आणि कोळशाचं पोतं ही तिची फेड नव्हे. तेवढंच सध्या हातात आहे म्हणून आणतो.

पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, पण वळीव आधीही गाठतो. एक ताडपत्री व्हरांड्यावर बांधून ठेवू. आग संध्याकाळी सहाला पेटवू, म्हणजे सूर्य बुडता बुडता पहिली खेप निघेल. आणि पहिली खेप मसाल्याची नको. एक बांगडा नुसत्या मिठाचा, खोबरेल तेलाचे थेंब घालून, काकींच्या पानात. तो मी भाजीन, तू वाढ.

मी शनिवारी २३ तारखेला दुपारी चिरे घेऊन येतो. तुझ्या अंगणात वारा कुठून येतो ते आताच बघून ठेव, धूर घरात जायला नको. आणि शाकाहारी नक्की सहाच का, ते वहिनींना विचारून कळव.

काकींना नमस्कार सांग.

तुझाच,
म्हार्दोळचा