वळताना काय घेऊन गेले, ते बघ

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. इतिहासाची पदवी घेऊन भौतिकशास्त्रज्ञ झालेला एक, कवी व्हायला शाळा सोडून गणितातलं सर्वांत मानाचं पदक मिळवणारा दुसरा, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करून जीवशास्त्रात शिरलेला तिसरा. आणि शेवटी तुझा प्रश्न : यांना चाललं, तर मी तिसऱ्या वर्षात विषय बदलला म्हणून काय बिघडलं?

बिघडेलच असं नाही. पण प्रत्येक नावापुढे तू एकच ओळ लिहिली आहेस, आणि त्या ओळीत फक्त वळण आहे. वळणाआधीची दोन-तीन वर्षं आणि नंतरची पाच-सहा वर्षं गायब आहेत. तुला उपयोगी पडेल ते सगळं नेमकं त्या वर्षांत असतं. म्हणून आधी यादी पुन्हा कर. प्रत्येक नावापुढे चार रकाने पाड : वळताना हातात कोणतं कसब होतं, वळल्यावर माणूस कोणत्या पायरीवर उभा राहिला, मधल्या काळात पोट कशावर भरलं, आणि नव्या क्षेत्रात त्याचं काम जवळून पाहणारी पहिली व्यक्ती कोण. बातम्यांतून हे रकाने भरता येत नाहीत. संशोधकांच्या कारकीर्दपत्रिका, नोबेल मिळालेल्यांनी लिहिलेली आत्मवृत्तं, सविस्तर मुलाखती यांत मात्र हे बहुतेक सापडतं.

तुझ्या तिसऱ्या नावापासून सुरुवात करू. वेंकी रामकृष्णन १९७६ साली ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. झाले आणि लगेच सॅन दिएगोला जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. नावामागे डॉक्टर, आणि बसायचं पदवीच्या मुलांच्या वर्गात. दोन वर्षं असं शिकून, दुसरी डॉक्टरेट न घेताच, १९७८ साली ते येलला पीटर मूर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथलं काम होतं न्यूट्रॉनच्या विखुरण्यावरून रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची, रचना शोधण्याचं, म्हणजे प्रश्न जीवशास्त्राचा आणि हत्यार भौतिकशास्त्राचं. भौतिकशास्त्र सुटलं असं आपण म्हणतो, पण ते सुटलं नव्हतं, कामाला लागलं होतं. त्यानंतर प्राध्यापकीसाठी त्यांनी सुमारे ५० ठिकाणी अर्ज केले आणि कुठेच डाळ शिजली नाही. मग सरकारी प्रयोगशाळांत नोकरी, १९९५ साली युटा विद्यापीठ, १९९९ साली कमी पगार पत्करून केंब्रिज, आणि २००९ साली नोबेल, तेही रसायनशास्त्राचं! वळणापासून पारितोषिकापर्यंत ३३ वर्षं. तुझ्या दुसऱ्या रकान्यात इथे 'दोन पायऱ्या खाली' असं लिही. वळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत ते लिहावं लागेल, आणि विषय बदलणारी मुलं फसतात ती बहुधा इथेच. नव्या जागीही आपली जुनी पायरी मिळेल असं ती धरून चालतात, मिळाली नाही की वर्षभरात खचतात.

जून हुह यांची गोष्ट तू 'शाळा सोडली आणि फील्ड्स पदक मिळालं' अशी लिहिली आहेस. शाळा सोडली हे खरं. पण पुढे ते सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकले, पदवीला सहा वर्षं लावली, आणि शेवटच्या वर्षी हेसुके हिरोनाका या फील्ड्स पदकविजेत्या गणितज्ञाच्या वर्गात जाऊन बसले. हेतू गणिताचा नव्हता, विज्ञान पत्रकार होऊन त्यांच्यावर पहिला लेख लिहायचा होता. वर्गातली बहुतेक मुलं गळाली, हे टिकले. डॉक्टरेटसाठी अमेरिकेत डझनभर अर्ज केले, तेव्हा एक सोडून सगळीकडून नकार आला, कारण पदवीच्या गुणपत्रिकेत गणित फारसं नव्हतंच. जे एक दार उघडलं, त्यामागे हिरोनाकांची शिफारस होती. आणि पहिल्याच वर्षात रोनाल्ड रीड यांचा १९६८ पासून अनुत्तरित राहिलेला आलेखांबद्दलचा (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांबद्दलचा) अंदाज त्यांनी सिद्ध केला तो कशाच्या बळावर? हिरोनाकांकडे शिकलेल्या भूमितीच्या. चौथ्या रकान्यातलं एक नाव कधीकधी बाकीच्या तिन्हींना पुरून उरतं.

शिवाय हुह यांचे वडील संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आई रशियन भाषेची. एडवर्ड विटन यांचंही तसंच. इतिहासाची पदवी, १९७२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचाराचं काम, एक सत्र अर्थशास्त्र, मग प्रिन्स्टनला भौतिकशास्त्र आणि १९९० साली फील्ड्स पदक. ऐकायला जादू वाटते. पण त्यांचे वडील लुई विटन गुरुत्वाकर्षणावर काम करणारे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. यात विटन यांची बुद्धी कमी होत नाही, फक्त 'कुठूनही कुठेही उडी मारता येते' हा निष्कर्ष निघत नाही. घरून मिळालेली शिदोरी पदवीच्या कागदावर दिसत नसते.

तुझ्या यादीत नसलेलं, पण माझ्या मते सर्वांत अभ्यासण्यासारखं नाव सांगते : सिसिली साँडर्स. ऑक्सफर्डला राज्यशास्त्र-अर्थशास्त्र शिकत होत्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते सोडून परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम झेपेना, म्हणून पदवी पुरी करून रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाच्या दारात असलेल्या माणसांच्या वेदना हा प्रश्न त्यांना तिथे भेटला. आता बघ त्यांनी काय केलं. लगेच वैद्यकीय महाविद्यालय गाठलं नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळी अशा रुग्णांच्या एका आश्रयस्थानात स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या, आणि काही वर्षं गेल्या. वेदना परतण्याआधीच ठरलेल्या वेळी औषध द्यायचं, ही तिथली रीत त्यांनी तिथेच पाहिली. एका शल्यचिकित्सकाने सांगितलं की खरा बदल करायचा तर डॉक्टरच व्हावं लागेल, तेव्हा १९५१ साली तेहतिसाव्या वर्षी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनला अशाच रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. परिचारिका, समाजसेविका, डॉक्टर : तिन्ही कामांची त्या एका इमारतीत गरज होती. त्यांनी विषय तीनदा बदलला, पण समाजसेविका असताना सापडलेला प्रश्न पुढे एकदाही बदलला नाही. धरसोड आणि वळण यांतला फरक मला विचारशील तर मी हा सांगेन.

आपल्याकडचे दामोदर धर्मानंद कोसंबी याच जातीचे. मूळचे गणितज्ञ. १९४४ साली त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं, ते आजही त्यांच्या नावाने शिकवलं जातं. चलनात फिरलेली नाणी झिजून हलकी होतात, तेव्हा वजनांच्या संख्याशास्त्रावरून नाण्यांच्या साठ्यांचा काळाचा क्रम लावता येईल, हे त्यांनी दाखवलं आणि तिथून ते प्राचीन भारताच्या इतिहासात गेले. संख्याशास्त्र प्रत्येक ठिकाणी सोबत होतं.

आणि पोटाच्या रकान्यासाठी यितांग झांग यांचं नाव घालून ठेव. १९९१ साली गणितात पीएच.डी. झाल्यावर १९९९ पर्यंत त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही. हिशेब लिहिणं, सँडविचच्या दुकानात काम करणं, यावर दिवस काढले. २०१३ साली मूळसंख्यांच्या जोड्यांबद्दलचा, त्यांना नाव मिळवून देणारा सिद्धांत आला तेव्हा पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली होती. चिकाटीचं उदाहरण म्हणून हे सांगतात. मला त्यात शिफारस नसलेल्या माणसाचं काय होतं हेही दिसतं. आणि अशाच वाटेने जाऊन ज्यांना सिद्धांत सापडला नाही, त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. तुझी यादी पोचलेल्यांची आहे, निघालेल्यांची नाही, हे कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिही.

आता तुझ्याबद्दल. पहिली तपासणी फुकटची आहे. फ्रान्सिस क्रिक तिला गप्पांची कसोटी म्हणत. त्यांचा डॉक्टरेटचा पहिला विषय होता तापलेल्या पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध. तो इतका रटाळ होता की युद्धात बॉम्बने उपकरण उद्ध्वस्त झालं याचं त्यांना फार वाईट वाटलं नाही. युद्धानंतर त्यांच्या लक्षात आलं की माणूस ज्याविषयी आपणहून बोलत राहतो तीच त्याची खरी आवड. त्यांच्या तोंडी सजीव-निर्जीवाची सीमा आणि मेंदू हे दोन विषय होते. १९४७ साली ते जीवशास्त्रात गेले. डीएनएची रचना सापडली १९५३ साली, आणि पीएच.डी. झाली १९५४ साली, सदतीस-अडतिसाव्या वर्षी. तू दोन आठवडे मैत्रिणींशी कशाविषयी बोलतेस ते रात्री एका ओळीत टिपून ठेव. नवा विषय तिथे आपणहून येत नसेल, आणि जुन्या विषयाच्या प्राध्यापकांबद्दलचा वैतागच येत असेल, तर तुला विषय बदलायचा नाही, फक्त त्या वर्गातून सुटायचं आहे. त्याला स्वस्त उपाय पुष्कळ आहेत.

दुसरी तपासणी सहा आठवड्यांची, आठवड्याला पाच तास. नव्या विषयाचं दुसऱ्या वर्षाचं क्रमिक पुस्तक घे. पहिल्या वर्षाचं नको, ते सगळ्यांनाच आवडतं. लोकप्रिय विज्ञानाची पुस्तकं आणि व्हिडिओ तर नकोतच, त्यांत विषयाचा कंटाळवाणा भाग कापलेला असतो आणि तुला तपासायचा आहे तो तोच. तीन प्रकरणं वाच, प्रत्येकाच्या शेवटची निम्मी गणितं सोडव. कुठे अडलीस ते तारखेसह लिही. अडण्याचे प्रकार दोन. 'हे मला येत नाही कारण अमुक आधीचं शिकलेच नाही' हा भरून काढता येतो. 'हे येतंय, पण पान उलटवत नाही' हा भरून निघत नाही.

त्याच सहा आठवड्यांत तीन माणसांशी प्रत्येकी अर्धा तास बोल : त्या विषयाच्या शेवटच्या वर्षाला असलेलं कुणी, त्यात दहा वर्षं काम केलेलं कुणी, आणि तो विषय सोडून गेलेलं कुणी. तिसरं माणूस शोधायला जड जाईल, पण सर्वांत कामाचं तेच. 'कसं वाटतं' असं विचारू नकोस. गेल्या आठवड्यात दिवसाचे तास कशात गेले ते विचार. मग त्या क्षेत्रातल्या नोकरीच्या वीस जाहिराती वाच आणि मागितलेल्या प्रत्येक कौशल्यापुढे काठ्या मार. पहिल्या पाच कौशल्यांपैकी किमान एक तुझ्याकडे आत्ताच कामापुरतं असायला हवं. एकही नसेल तर विषय चुकीचा आहे असं नाही, पण वेळ चुकीची आहे. इथलं काही पक्कं कर, मग जा.

यातून पार पडलीस तर प्रश्न उरतो, आत्ता सोडायचं की पदवी पुरी करून. माझं मत स्पष्ट सांगते : एका वर्षाहून कमी उरलं असेल तर पुरी करावी, कारण पुढच्या कित्येक प्रवेशांना कुठली तरी पदवी एवढीच अट असते आणि अर्धवट शिक्षणाला तिथे किंमत नसते. दीड-दोन वर्षं उरली असतील तर हिशेब मांडावा. किती विषयांचे श्रेयांक नव्या अभ्यासक्रमात धरले जातील? कोणता आधीचा विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो? अशा एका विषयाची तारीख चुकली की अख्खं वर्ष जातं, आणि प्रवेशाच्या घाईत हेच कुणी पाहत नाही. वयाची किंवा विषयसमूहाची अट असलेली दारं आधी तपास. लेखन, प्रोग्रॅमिंग, संशोधनाच्या कडेची कामं यांना तशी अट बहुधा नसते, ती नंतरही करता येतात.

पैशाचं गणित वेगळ्या पानावर. महिन्याचा खर्च गुणिले लागणारे महिने, अधिक शुल्क. येईल त्या आकड्यात त्याचा निम्मा पुन्हा मिळव, कारण विषय बदलताना एक सत्र वाढतंच. त्यातले आम्ही किती देऊ शकतो ते बाबा आणि मी बसून तुला आकड्यात सांगू, 'बघू' म्हणून टांगून ठेवणार नाही. उरलेले कुठून येतील ते तू लिही.

अर्जातल्या स्पष्टीकरणाला एकच परिच्छेद : काय केलं, त्यातलं काय सोबत आणते आहे, काय कमी आहे आणि ते भरायला काय सुरू केलं. जुन्या विभागाची तक्रार एका शब्दानेही नको. शिफारसपत्र मात्र विभागप्रमुखांच्या सहीपेक्षा ज्यांनी तुला एक पूर्ण सत्र काम करताना पाहिलं आहे त्यांचं घे. नव्या विषयात असं कुणीच नसेल, तर आधी त्या विषयाच्या एखाद्या प्राध्यापकांच्या प्रकल्पात सत्रभर हातभार लाव, मग माग.

सहा आठवड्यांची वही भरली की पानांचे फोटो पाठव, अडलेल्या जागांसकट.

तुझी,
आई

ता. क. थेट नाव काढून घेण्याआधी रजेचा पर्याय विचार. तू ज्यांची नावं घेतेस त्यांतल्या बिल गेट्स यांनीही १९७५ साली हार्वर्ड सोडताना रजाच घेतली होती. कार्यालयात विचारायचं एवढंच : रजा जास्तीत जास्त किती सत्रांची, त्या काळात शुल्क भरावं लागतं का, परतल्यावर जुनाच अभ्यासक्रम लागू राहतो का, आणि शिष्यवृत्ती व वसतिगृहाची जागा राहते का. उत्तरं ईमेलवर माग. खिडकीवर तोंडी मिळालेलं उत्तर परतताना दाखवता येत नाही.