राखणदाराचा सैतान करणाऱ्या महाएपिसोडबद्दल तक्रार

प्रति,
कार्यक्रम विभाग प्रमुख व तक्रार निवारण अधिकारी

विषय : रविवारच्या दोन तासांच्या महाएपिसोडमधील राखणदाराचे चित्रण आणि मिरचीच्या धुरीचे दृश्य

महोदय,

स. न. वि. वि.

रात्री साडेदहाच्या तुमच्या गूढ मालिकेची मी पहिल्या भागापासूनची प्रेक्षक आहे. आमच्या घरी ही मालिका जेवणं उरकून, सगळे एकत्र बसून बघतात. माझ्या सासूबाई देवगडच्या. टीव्हीवर कोकण दाखवलं की त्या लगेच चुका काढतात, पण तुमच्या मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांत त्यांनी एकदाही नाक मुरडलं नव्हतं. रविवारी मात्र त्या मध्येच उठून आत गेल्या. पत्र मी लिहितेय, पण राग आम्हा दोघींचा आहे.

या मालिकेचा पाया काय होता, ते तुम्हाला आठवतं का? थोरल्या आजोबांनी बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग सांभाळणाऱ्या अदृश्य शक्तीला, वर्षाचं देणं कबूल केलं होतं. नारळ, कोंबडा, भाकरी आणि विडीकाडी. पुढे बागेचा अर्धा तुकडा विकला गेला, देणं थांबलं, आणि तेव्हापासून त्या घरात कुणाला स्वस्थ झोप लागली नाही. रात्री माडांतून फिरणारा कंदील, पायवाटेवर वाजणाऱ्या वहाणा, काठीचा आवाज. त्याने कुणाला मारलं नाही की कुणाला झपाटलं नाही. तो फक्त हद्दीवरून फिरायचा आणि घरातल्यांना आपला शब्द आठवत राहायचा. भीती होती ती मोडलेल्या शब्दाची, म्हणून तर ती आम्हाला लागायची. सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात राखणदार, देवचार म्हणतात तो हाच. गावाची वेस सांभाळणारा, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडणारा. त्याचा राग होतो, पण तो आपल्याच माणसाचा राग असतो.

आणि रविवारी तुम्ही काय दाखवलंत? तोच राखणदार लाल डोळ्यांचा, लांब नखांचा सैतान निघाला आणि म्हणे त्याला धाकटी सून हवी होती! शहरातून एक मांत्रिक आला, त्याच्या हातातून हिरवी वीज निघाली आणि राखणदार जळून खाक झाला. आजोबांच्या कबुलीचा साधा उल्लेखही नाही. बाग कोणी विकली, कागदावर सही कोणाची, हे प्रश्न इतकी वर्षं ताणून धरलेत. ते सगळे त्या एका विजेत संपले.

पहिल्या पर्वातला कौलाचा भाग मी अजून विसरलेले नाही. देवळात पाषाणाला ओल्या कळ्या लावलेल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवकाका हात जोडून उभे, मागे सगळं घर श्वास रोखून. पार्श्वसंगीत नव्हतं, नुसत्या पागोळ्या वाजत होत्या. कॅमेरा त्या एका कळीवरून हलला नाही. ती किंचित घसरली, थांबली, पुन्हा घसरली. आमच्या घरात कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही. ते लिहिणाऱ्याला, कॅमेरा धरणाऱ्याला आणि तिथे संगीत न घालणाऱ्याला मी मनापासून दाद देते. तुमच्याकडे हे करू शकणारी माणसं आहेत, म्हणूनच रविवारचा भाग इतका लागला.

रविवारी गाऱ्हाणंही होतं, पण ते कसं? गुरवकाका एकटेच बोलतायत आणि मागे संस्कृत मंत्रांचा कोरस चाललाय. गाऱ्हाणं एकट्याचं नसतं हो. 'बा देवा म्हाराजा' म्हणत एक माणूस मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. त्या होकारानेच ते सगळ्यांचं मागणं होतं. आधीच्या पर्वांत तुम्ही हे अगदी बरोबर दाखवलं होतं. या वेळी श्रेयनामावलीत संवादलेखकाचं नाव बदललेलं दिसलं. नवा माणूस असायला हरकत नाही, पण त्याला जुने भाग बघायला देणं हे तुमचं काम होतं.

आता दुसरी गोष्ट. ती आवडीनिवडीची नाही. याच भागात मांत्रिक धाकट्या सुनेला खांबाला बांधतो, मिरचीची धुरी देतो, ती खोकून बेशुद्ध पडते आणि शुद्धीवर येते ती एकदम बरी होऊन. घरातले त्याच्या पाया पडतात. म्हणजे उपाय लागू पडला, असंच बघणाऱ्याला वाटणार. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट लिहिलंय आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी किती वर्षं घालवली आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात काय झालं, हे मराठी वाहिनीला मी सांगायला हवं का? केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सहावा नियमही अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं सांगतो. सुरुवातीला 'घटना काल्पनिक' अशी पट्टी सरकवली म्हणजे ही जबाबदारी संपत नाही.

भुताखेतांची गोष्ट आणि अंधश्रद्धेचा प्रचार यांत फरक असतो, आणि तो तुमच्याच मालिकेने वर्षानुवर्षं पाळला होता. पहिल्या पर्वात याच घरातल्या मुलीला फिट आली, तेव्हा गुरवकाकांनीच 'आधी कणकवलीला डॉक्टराकडे न्या' म्हटलं होतं. माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे आजही बाईला आकडी आली की आधी धुपाटणं शोधतात. अशी घरंही तुमची मालिका बघतात. त्यांच्यापुढे गुरवकाकांचं ते एक वाक्य राहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

टीआरपीसाठी महाएपिसोड करावे लागतात, हे मला समजतं. दोन तासांत जाहिराती किती होत्या याबद्दलही माझी तक्रार नाही.

मला हवंय ते एवढंच. मिरचीच्या धुरीचं दृश्य पुनःप्रक्षेपणातून आणि तुमच्या ॲपवरून काढून टाका आणि पुढच्या भागाआधी त्याबद्दल स्पष्ट निवेदन द्या. राखणदाराच्या बाबतीत गोष्ट अजून सावरता येईल. जळाला तो राखणदार नव्हताच, असं दाखवायला तुमच्या कथेत जागा आहे, कारण त्याची काठी आणि घोंगडी अजून पडवीतच टांगलेली दिसली. ती मुद्दाम ठेवली असेल तर मी वाट बघायला तयार आहे. आजोबांचा शब्द कोणीतरी पुरा केलेला मला बघायचाय.

याच केबल नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार या तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत कळवणं वाहिनीला बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी हेच पत्र वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे पाठवीन. उत्तर लेखी आणि मराठीत मिळावं.

कळावे,
आपली नियमित प्रेक्षक
(पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सोबतच्या अर्जात दिला आहे.)