कुणी गेलं नाही, मीच डोकं भादरलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दसऱ्याला अंबाजोगाईला येतोय, पण त्याआधी हे पत्र पोचायला हवं. दारात मला बघून आई आधी "कोण गेलं रे?" म्हणेल. कुणी गेलं नाही. मी हौसेनं गोटा केलाय.

आईबाप धडधाकट असताना पोरानं डोकं भादरायचं नसतं, माहितीय. शेजारच्या काकूंना "बालाजीला केस देऊन आला" म्हणून सांग हवं तर. पण मी दर चौथ्या दिवशी मशीन फिरवतो, इतक्या वेळा तिरुपती कसं सांगशील?

कारण बाबांना कळेल. पुढं रान उजाड, टाळूवर बशीएवढा चांद, मधे चार केस. तेच डावीकडून उजवीकडं नेऊन बसवायचो, तुमच्यासारखेच. गाडीवर वारा लागला की झाकण उघडावं तसे उभे राहायचे. गेल्या महिन्यात बँकेत एक पोरगी म्हणाली, "आजोबा, टोकन घ्या." चव्वेचाळिसाव्या वर्षी! त्याच संध्याकाळी न्हाव्याकडं गेलो.

वय कमी झालं का? अर्धंमुर्धं. कानशिलावरचे पांढरे गेले, तेवढी वर्षं गेली. पण कपाळ कुठं संपतं तेच कळेना, आठ्या उघड्यावर आल्या. दाढी बारीक राखली तर चेहरा सावरतो. गुळगुळीत केली त्या दिवशी आरशात सोललेला बटाटा दिसला. अमेरिकेत अल्बर्ट मॅनेस नावाच्या संशोधकानं २०१२ साली हेच तपासलं. त्याच माणसांचे फोटो, एकदा केसांसकट, एकदा कॉम्प्युटरवर केस काढून. बिनकेसांचे लोकांना जास्त रुबाबदार, जवळजवळ इंचभर उंच आणि १३ टक्के ताकदवान वाटले. देखणे मात्र कमी आणि वयानं थोडे जास्तच वाटले. सगळ्यांत वाईट गत विरळ केसांच्या माणसांची. म्हणजे आपली, बाबा.

उंची वाढल्याचं इथं कुणी बोललं नाही. पण रिक्षावाला "काका"वरून "साहेब"वर आलाय.

पहिले आठ दिवस चेहरा ज्वारीच्या भाकरीचा आणि डोकं गव्हाच्या कणकेचं, असे दोन रंग होते. टॉवेल डोक्याला अडकतो. हेल्मेटमधला घाम थेट डोळ्यांत. आपल्याकडच्या उन्हात काही खरं नाही, तेव्हा बाबांची एक पांढरी टोपी धुऊन ठेवा.

आणि आई, डाव्या कानामागं ती खूण सापडली. माळवदावरून पडलो होतो, तू मूठभर हळद दाबून धरली होतीस, तीच. मला वाटायचं केवढी मोठी असेल. बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही.

बाबा, तुमच्या केसांबद्दल मी काही बोलणार नाही. मशीन तेवढी पिशवीत घालून आणतोय.

तुमचा,
बापू