तो फोटो जेसीबीचा नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या ब्रिटिश खोदयंत्रांवरचा लेख काल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली होती. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला अर्धं पान दिलं याचा आनंद झाला, म्हणूनच राग जास्त आला.

आधी फोटोबद्दल. ‘१९५३चा पहिला जेसीबी’ म्हणून जे चित्र छापलं आहे त्यात जाळीदार लांब बूम, म्हणजे पुढचा हात, आहे, त्यावरून वायर रोप खाली आले आहेत, आणि चेनवर खोलीएवढी केबिन बसवली आहे. हे दोरीवर चालणारं मशीन आहे, इंग्लंडातल्या लिंकन शहरच्या रस्टन-ब्युसायरस कंपनीचं, आणि माझ्या नजरेला तरी ते त्यांचं २२-आरबी मॉडेल दिसतं. त्यात बकेट उचलते ती विंच आणि क्लचच्या जोरावर. जेसीबी म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला, तेलाच्या दाबावर चालणारा हात. ज्याने आयुष्यात एकदा होज पाइप बदलला आहे, तो या दोन मशीनांत गल्लत करणार नाही.

लेखात म्हटलं आहे की १९४५ साली जेसीबीने जगातलं पहिलं खोदयंत्र बनवलं. चूक. १९४५ च्या ऑक्टोबरात जेसीबीचे संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी अटोक्सिटर गावात बारा बाय पंधरा फुटांचं एक गॅरेज भाड्याने घेतलं आणि जुन्या वेल्डिंग सेटवर युद्धातल्या भंगारातून एक ट्रेलर बनवला. ट्रेलर, खोदयंत्र नव्हे. तो त्यांनी ४५ पौंड आणि वर एक जुना छकडा घेऊन विकला. मागे खोदायचा हात असलेलं मशीन आलं १९५३ मध्ये. त्या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. म्हणूनच जे त्यांनी केलं नाही ते त्यांच्या नावावर चढवलेलं मला सहन होत नाही.

‘त्याआधी इंग्लंडात सगळी माती फावड्यानेच उपसली जाई’ हे वाक्य तर छापायलाच नको होतं. १८८७ ते १८९४ या काळात मँचेस्टर शिप कॅनॉल खणला गेला, तेव्हा हजारो मजुरांच्या बरोबरीने वाफेची खोदयंत्रंही राबत होती. कालवे खणणाऱ्या मजुरांना तिकडे ‘नॅव्ही’ म्हणत. यंत्र आलं तेव्हा त्यालाही ‘स्टीम नॅव्ही’ हेच नाव पडलं. पाण्याच्या दाबावर चालणारं खोदयंत्र आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने १८८२ मध्ये बनवलं आणि ते हल या बंदराच्या शहरात गोदीच्या कामावर वापरलं गेलं. त्याच हल शहरातल्या प्रीस्टमन कंपनीची ग्रॅब, म्हणजे जबड्यासारखी मिटणारी बकेट, आणि पुढे त्यांची कब, वुल्फ ही छोटी मशीनं तिकडच्या गावागावात पोचली होती. तुमच्या लेखात प्रीस्टमन हा शब्द एकदाही नाही. हायमॅक नाही. व्हिटलॉक नाही. याही ब्रिटिश खोदयंत्रं बनवणाऱ्या कंपन्याच.

आता व्हिटलॉकबद्दल लिहितो, कारण ती गोष्ट गेली चाळीसपेक्षा जास्त वर्षं माझ्या मनातून जात नाही.

मी मूळचा मिरजेचा. १९७४ ते १९८१ या काळात मी डर्बीशरमध्ये, भाड्याने मशीन देणाऱ्या एका यार्डात फिटर होतो. तिथे जेसीबीच्या थ्री-सी होत्या, चेनवरची हायमॅक ५८० होती आणि भिंतीकडेला, गवतात रुतलेली, एक व्हिटलॉक होती. १९५०च्या दशकातली, फोर्डसन ट्रॅक्टरच्या जिवावर उभी. आमचा वेल्श फोरमन मला म्हणायचा, मशीनला हात लावण्याआधी तिची पाटी वाच. त्याने डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने तिची पाटी पुसून दाखवली होती. खाली उठावाची अक्षरं होती, व्हिटलॉक, ग्रेट येल्डम, इसेक्स. जेसीबीचा तिच्या काळातला हा तगडा स्पर्धक. तिच्या सांध्यांचे पिन-बुश एवढे झिजले होते की डिपर, म्हणजे बकेटकडचा हात, हाताने हलवला तर बोटभर खेळायचा, पण सगळ्या जॅकचे रॉड सरळ होते. मी रविवारी फुकट येऊन ती चालू करून देतो म्हणालो होतो.

१९७७ मध्ये बेडफर्डशरमधल्या आर्लसीच्या पाण्याने भरलेल्या खाणीतून १९०९ सालची रस्टन प्रॉक्टर कंपनीची स्टीम नॅव्ही लोकांनी वर काढली. पाण्यात बुडालेलं मशीन जपायला माणसं पुढे आली. पुढच्याच वर्षी आमच्या मालकांनी व्हिटलॉक भंगारात दिली. मी निदान ती पाटी मागितली. ‘सोमवारी ये, काढून ठेवतो,’ म्हणाले. सोमवारी गेलो तर गॅस कटरने तिचे तुकडे पाडून लॉरी भरून गेली होती. गवतात ग्रीसचा काळा चौकोन तेवढा राहिला होता. पाटी लॉरीतून गेली. त्या यार्डाचं आणि मालकांचं नाव मी इथे घेत नाही, पण त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

म्हणून नावांवर एवढा जीव टाकतो. आपल्याकडे चेनच्या मशीनला सरसकट पोकलेन म्हणतात. ते एका फ्रेंच कंपनीचं नाव. लार्सन अँड टुब्रोने त्यांच्याशी करार करून ती मशीनं इथे बनवली आणि नाव रुळलं. आमच्या यार्डातले आयरिश ड्रायव्हर कुठल्याही चेनच्या मशीनला हायमॅकच म्हणायचे, मग ती साउथ वेल्समधल्या रिम्नीत बनलेली असो वा नसो. बोलताना चालतं. साइटवर उभा असलेला माणूस म्हणाला, तर मी त्याला दुरुस्त करायला जात नाही. पण छापताना नाव तपासायला हवं. तुमच्याच अंकात अतिक्रमण पाडल्याच्या बातमीखाली दर दोन दिवसांनी पोकलेनचा फोटो असतो आणि ओळ असते ‘जेसीबी चालवला’.

आणखी एक. गेल्या वर्षी कालव्याच्या कामावर मी सविस्तर पत्र पाठवलं होतं. त्यातली सालं आणि आकडे गाळून तुम्ही चार ओळी छापल्या, आणि मी काहीतरी भावनिक तक्रार करतो आहे असं त्यातून दिसलं. घरी फोन आले. जागा नसेल तर पत्र छापू नका, पण त्यातली सालं काढून टाकू नका.

येत्या रविवारी फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी ही विनंती. दुरुस्तीत बाकीच्यांची नावंही घ्या, आणि व्हिटलॉक लिहिताना ‘व्हि’ला ऱ्हस्व वेलांटी द्या.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्लांट फिटर, मिरज