फार्सालसच्या लढाईला ‘विजय’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ज्युलिअस सीझरवरचा लेख दोनदा वाचला. कायद्याने बंदी असताना सैन्यासह रुबिकॉन ही इटलीच्या सीमेवरची नदी ओलांडण्याचा निर्णय, ‘फासे पडले’ हे प्रसिद्ध उद्गार, इ. स. पू. ४८ मध्ये ग्रीसमधल्या फार्सालसला प्रतिस्पर्धी रोमन सेनापती पॉम्पीच्या दुपटीएवढ्या सैन्यावर केलेली मात, हे सारे लेखकाने रंगवून सांगितले आहे. शेवटी आजच्या नेतृत्वाने सीझरकडून काय शिकावे, तेही सांगितले आहे. लेखातल्या माहितीविषयी माझी तक्रार नाही. पण ज्या लढाईचा जयोत्सव करायला खुद्द सीझर धजला नाही, तिला आपण इतक्या सहजपणे ‘देदीप्यमान विजय’ म्हणून मोकळे झालो, हे मनाला लागले. इ. स. पू. ४६ मध्ये सीझरने रोममध्ये चार विजययात्रा काढल्या. गॉल, इजिप्त, पाँटस आणि आफ्रिका ही त्यांची नावे. फार्सालसच्या नावाची यात्रा त्यांत नव्हती, कारण तिथे मेलेले रोमनच होते.

लेखात ‘यादवी’ हा शब्द अनेकदा आला आहे. आपण तो रोज वापरतो, इतका की तो कुठून आला हे आठवतही नाही. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांच्या अंगावर धावून गेले, हाताला लागलेल्या गवताचे मुसळ झाले, बापाने मुलाला मारले आणि मुलाने बापाला. मौसलपर्व वाचताना ‘मग यात जिंकले कोण?’ असे कोणी विचारत नाही. रोमच्या यादवीवरही असेच एक महाकाव्य आहे, ‘फार्सालिया’, आणि सीझरवरच्या लेखात त्याचे नावसुद्धा येऊ नये याचे मला वाईट वाटले.

कवीचे नाव ल्युकन. स्पेनमधल्या कोर्दोबा इथे इ. स. ३९ मध्ये जन्मलेला, तत्त्वज्ञ सेनेकाचा पुतण्या. कोवळ्या वयात तो सम्राट नीरोच्या मर्जीतला झाला, पुढे त्याच्या मनातून उतरला आणि आपल्या कविता लोकांसमोर आणण्याची त्याला बंदी झाली. इ. स. ६५ मध्ये नीरोविरुद्धच्या कटात तो सापडला आणि सम्राटाच्या हुकमाने त्याला स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. जखमी होऊन मरणाऱ्या एका सैनिकावर त्याने पूर्वी ओळी लिहिल्या होत्या. रक्त वाहत असताना त्याच तो म्हणत राहिला, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. चौकशीत त्याने आपल्या आईचेही नाव घेतले, हेही टॅसिटसनेच नोंदवले आहे. मला हा कवी प्रिय आहे, पण म्हणून ही गोष्ट झाकून ठेवणार नाही. मागे राहिले ते दहा सर्गांचे, आठ हजारांवर ओळींचे काव्य, सीझर अलेक्झांड्रियात वेढ्यात सापडलेला असताना मध्येच तुटलेले.

पहिल्याच ओळीत तो म्हणतो की हे युद्ध यादवीच्याही पलीकडचे होते. सीझर आणि पॉम्पी नुसते एका नगरीचे नागरिक नव्हते, ते सासरा-जावई होते. सीझरची मुलगी ज्युलिया पॉम्पीला दिलेली होती. इ. स. पू. ५४ मध्ये बाळंतपणात ती गेली आणि दोन घरांमधला धागा तुटला. पुढच्याच वर्षी सत्तेतला तिसरा भागीदार क्रॅसस पार्थियनांशी लढताना मारला गेला. मधला माणूस गेला की उरलेल्या दोघांचे काय होते, ते शेतीची वाटणी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

आता रुबिकॉनविषयी. सीझरने स्वतः या युद्धाचा वृत्तान्त लिहिला आहे आणि त्यात रुबिकॉनचे नावही नाही! ज्या नदीसाठी तो जगभर ओळखला जातो, तिचा उल्लेख न करताच तो पलीकडच्या अरिमिनम शहरात पोहोचतो. ल्युकन मात्र आपल्याला त्या काठावर थांबवतो. पावसाने फुगलेली लहानशी नदी, रात्रीचा अंधार, आणि समोर मातृभूमी उभी. मस्तकावर तटबुरुजांचा मुकुट, पांढरे केस विस्कटलेले, दंड उघडे. हुंदके देत ती विचारते, इथून पुढे कुठे? माझी निशाणे घेऊन कुठे निघालात? कायदा मानणारे नागरिक म्हणून येत असाल तर इथवरच. सीझरच्या अंगावर काटा येतो, पाय अडखळतात. मग तो देवांची आणि रोमची प्रार्थना करतो आणि म्हणतो की मला ज्याने तुझा शत्रू केले, दोष त्याचा. आणि नदी ओलांडतो. माझ्या मते सगळ्या भाऊबंदकीचे मूळ या एका वाक्यात आहे. दोन्ही घरांत हेच बोलले जाते आणि दोन्ही घरांत ते मनापासून बोलले जाते.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी, अभ्यासक्रमात नसतानाही, या काव्यातला एक प्रसंग सांगत असे. चौथ्या सर्गातला, स्पेनमधल्या इलेर्डाजवळचा. इंग्रजी अनुवादावरून माझ्याच शब्दांत सांगायचो.

सीझरची आणि पॉम्पीच्या सरदारांची छावणी अगदी जवळ येते. तटावरून पलीकडच्या माणसांचे चेहरे दिसू लागतात. कोणाला भाऊ दिसतो, कोणाला मुलगा. सुरुवातीला सैनिक भीतीने गप्प असतात, नुसती मान हलवून, तलवार हलवून खूण करतात. मग कोणाला राहवत नाही. एक जण पूर्वी ज्याच्या घरी उतरला होता त्याला हाक मारतो, दुसरा नातेवाइकाला, तिसऱ्याला बरोबर शिकलेला बाळमित्र सापडतो. समोरच्या फौजेत ओळखीचे कोणी नाही असा रोमनच तिथे नव्हता, असे ल्युकन म्हणतो. माणसे तट ओलांडतात, मिठ्या मारतात, रडतात. अजून कोणाचे रक्त सांडलेले नसते, तरी आपल्या हातून काय घडू शकले असते या विचाराने ती रडतात. रात्री गवतावर शेकोट्या पेटतात, दोन्ही छावण्यांचे लोक एकत्र जेवतात आणि आपापल्या लढायांच्या गोष्टी सांगत जागतात.

इथे थांबलो की वर्गात कोणीतरी हमखास विचारायचे. एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, मग झाले ना मिटले?”

नाही. पॉम्पीचा सरदार पेट्रेयस आपल्या घरच्या गुलामांना हत्यारे देतो, निःशस्त्र पाहुण्यांना तलवारीने बाहेर हाकलतो, मिठीत असलेल्यांना ओढून वेगळे करतो आणि आपल्या सैनिकांना निष्ठेची आठवण करून देतो. काल ज्याच्याबरोबर जेवले त्याला मारायला आधी त्यांचा हात उचलत नाही. एकदा घाव बसला की मात्र जुना द्वेष जागा होतो. माणसाळलेल्या श्वापदाच्या तोंडाला रक्त लागावे तसा, हा दृष्टान्त ल्युकनचाच. या सबंध काव्यात सीझर खलपुरुष आहे, तरीही इथे कवी त्यालाच उद्देशून म्हणतो की या एका पापामुळे तुझी बाजू अधिक न्यायाची ठरेल. ज्याला आपण शत्रू मानले त्याच्या पदरात हे माप टाकायला मोठे मन लागते. हाच प्रसंग सीझरच्या वृत्तान्तातही आहे. आपल्या छावणीत आलेल्या विरोधकांना आपण सुखरूप परत पाठवले, हे त्यात तो आवर्जून नोंदवतो. दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचली की इतिहास कोण लिहितो आणि का लिहितो, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

लेखात फार्सालसच्या मृतांचा आकडा पंधरा हजार दिला आहे. तो सीझरचा आहे. आपले सुमारे दोनशे पडले, शत्रूचे पंधरा हजार, असा त्याचा हिशेब. त्याच्याच बाजूने लढलेला असिनियस पोलिओ सहा हजार सांगतो. निदान दोन्ही आकडे द्यायला हवे होते.

आणि त्या दिवसाचे वर्णन करायची वेळ आली की ल्युकन काय करतो? सहा सर्ग ज्या क्षणाकडे चालत आलो, तिथे तो स्वतःच्या मनाला सांगतो, पळ इथून, हे अंधारात राहू दे, यादवीत माणूस कुठवर जाऊ शकतो हे पुढच्या पिढ्यांनी माझ्याकडून शिकू नये. रोम, तू या रणात जे केलेस त्याविषयी मी बोलणार नाही. युद्धाचे महाकाव्य लिहिणारा कवी ऐन युद्धात तोंड फिरवतो, हे मी दुसरीकडे वाचलेले नाही.

त्याच्या काव्यात दोष पुष्कळ आहेत. लिबियाच्या वाळवंटातल्या सापांच्या दंशाने माणसे कशी विरघळतात, फुगतात, याची वर्णने नको इतकी लांबतात. लढाईच्या आधी छावणीत रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचे भाषण घातले आहे, प्रत्यक्षात सिसेरो फार्सालसला नव्हताच. कवींपेक्षा वक्त्यांनीच ल्युकनचे अनुकरण करावे, असे वक्तृत्वाचा रोमन शिक्षक क्विंटिलियन म्हणाला, त्यात तथ्य आहे. पहिल्या सर्गातली नीरोची स्तुती काहींना उपरोध वाटते. मला ती मैत्रीच्या दिवसांत खरेपणाने लिहिलेली वाटते, म्हणून पुढचा राग जास्त खरा वाटतो.

एक ओळ मात्र फार दूर गेली. जिंकलेली बाजू देवांना आवडली, हरलेली केटोला, म्हणजे प्रजासत्ताकासाठी सीझरविरुद्ध उभ्या राहिलेल्या रोमन नेत्याला. अमेरिकेत आर्लिंग्टनच्या दफनभूमीत १९१४ मध्ये तिथल्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैनिकांसाठी स्मारक उभारले, त्यावर हीच लॅटिन ओळ कोरली होती. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्यांनी केटोचे नाव घ्यावे, हे मला पटत नाही. ल्युकनचा केटो पराभवाचे कौतुक करत नाही. प्रजासत्ताक मरते आहे हे ओळखून, पोटच्या मुलांना अग्नी देणाऱ्या बापासारखा तो त्याच्या मागे चालतो.

विनंती एवढीच आहे. सीझरवर आपण पूर्ण पान दिले, तसे एक पान इलेर्डाच्या त्या रात्रीला द्यावे. एका बाजूला सीझरचा मजकूर, दुसऱ्या बाजूला ल्युकनच्या ओळी, दोन्ही सरळ मराठीत. अनुवादाला लॅटिन जाणणारे कोणी मिळाले तर उत्तमच. शक्य असेल तर शाळा सुरू झाल्यावर छापावे, म्हणजे शिक्षकांना वर्गात नेता येईल.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा