मंत्रिमहोदय, सुतारकामाला जोडतास द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या एका अनुदानित शाळेत कार्यानुभव शिकवते. माझे वडील सुतार होते. जुन्या नाशकातल्या वाड्यांची डागडुजी करण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे रंधा माझ्या हातात लहानपणीच आला. आज एकच मागणी घेऊन लिहिते आहे. सहावी ते आठवीला कार्यानुभवाचे आठवड्यातले दोन तास सलग ठेवावेत आणि त्या वेळी वर्गाचे दोन गट करावेत, असा स्पष्ट आदेश आपल्या विभागाने काढावा.

मागणी किरकोळ वाटेल. म्हणून कपाखाली ठेवायच्या लाकडी कोस्टरची हकीकत सांगते.

गेल्या वर्षी आठवीला चार कोस्टरचा संच करायला दिला. नमुना दाखवला नाही, घरातली भांडी मोजून या एवढंच सांगितलं. एका मुलीच्या वडिलांची चहाची टपरी आहे. तिने वहीत लिहून आणलं: कटिंगच्या ग्लासाचं बूड ५ सेंटिमीटर, पाण्याचा स्टीलचा पेला ६, घरातला सगळ्यात मोठा मग ८. मग साडेनऊचा चौकोन तिचा तिनेच ठरवला.

लाकूड आम्ही विकत घेत नाही. पाडलेल्या वाड्यांचं सागवान विकणारे लोक उरलेले तुकडे देतात. वर्षानुवर्षं वाळलेलं ते लाकूड सहसा वाकत नाही. काही पालक सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या आणतात. त्यांवर ‘एचटी’ शिक्का असेल तर ती फळी उष्णता देऊन कीडमुक्त केलेली असते. ‘एमबी’ असेल तर तिला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ती आम्ही घेत नाही. आता मुलं रस्त्याने जातानाही फळ्यांवरचे शिक्के वाचतात.

दोन मुलांना बाभळीच्या ओल्या फांदीच्या गोल चकत्याच हव्या होत्या, सालीसकट. दिसायला सुरेख होत्या. करू दिल्या. आठवड्याभरात प्रत्येक चकती सालीपासून गाभ्यापर्यंत चिरली. लाकूड वाळताना गाभ्याच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ते वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आकसतं, मग अख्ख्या चकतीला चीर पडणारच. फळ्यावर सांगितलं असतं तर पोरं विसरली असती. ती चकती त्यांनी जपून ठेवली आहे.

टपरीवाल्यांच्या मुलीचे कोस्टर मात्र गुळगुळीत, चारही कोपरे गुण्यात बसणारे झाले. एप्रिलमध्ये तिने घरी त्यांवर थंड पाण्याचा पेला ठेवला. पेल्याला घाम फुटला, पाणी बुडाखाली गेलं आणि पेला उचलताना कोस्टर चिकटून वर आला, मग धाडकन फरशीवर पडला. दुसऱ्या दिवशी ती पटाशी मागायला आली. पृष्ठभागावर उथळ खाचा पाडल्या की हवा आत जाते आणि पेला सुटतो, हे तिने स्वतः शोधलं होतं. मी फक्त पटाशी कशी धरायची ते दाखवलं. पुढे टपरीवर उकळत्या चहाने तिच्या लाखेच्या पॉलिशवर पांढरी कडी उमटली. तिने पॉलिश पेपरने सगळं घासून काढलं आणि जवसाचं तेल चोळलं. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून आम्ही त्या दोरीवर पसरून वाळवतो. हेही शिक्षणच आहे.

यातलं काहीही ३५ मिनिटांच्या सुट्या तासात होत नाही. अवजारं वाटायला दहा मिनिटं, गोळा करून मोजायला तेवढीच. उरलेल्या पंधरा मिनिटांत साठ मुलं आणि लाकूड पकडून ठेवायचे चार शेगडे. सोमवारी गुण्या लावून मारलेली रेघ शुक्रवारी कापायची, तोवर तुकडाच बदललेला असतो. मग शिक्षक काय करतो? फाइल करून घेतो. मुलं बाजारातून वस्तू आणतात, शेजारी चित्र काढतात, श्रेणी मिळते. काही वर्षं मीही हेच केलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. आधीच्या शाळेत तर कार्यशाळेत मोडके बाक रचलेले होते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

हाताने काम करता करता शिकवावं, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आहेत, आणि त्यात सुतारकामाचं नाव आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. पण साहेब, लाकूड दहा दिवसांत उमगत नाही. जुलैत ते फुगतं, मार्चमध्ये आकसतं. मुलाने केलेला एकच कोस्टर त्याने दोन्ही ऋतूंत हातात घेऊन पाहायला हवा.

आपण आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावचे. यंत्रमागांच्या गावाला हाताच्या कामाचं मोल मी काय सांगावं! नव्या इमारती, नवी यंत्रं आम्ही मागत नाही. जोडतास द्या, तीस-तीसचे गट द्या आणि श्रेणी वापरून पाहिलेल्या वस्तूला द्या. पेला चिकटला, कडी उमटली, मग मुलाने काय बदललं, एवढं नोंदवायला मूल्यमापनात एक रकाना पुरेल. त्या मुलीला आणि विकतचा कोस्टर चिकटवून फाइल देणाऱ्याला माझ्या नोंदवहीत एकच श्रेणी पडली, कारण दुसरं लिहायला जागाच नव्हती.

यंदा आमच्या मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर आठवीला जोडतास दिला आहे. पुढच्या वर्षी तो राहील का, हे आपल्या आदेशावर आहे. नाशिकला आलात तर गुरुवारी दुपारी शाळेत या. त्या वेळी कार्यशाळा उघडी असते, आणि चहा मुलांच्याच कोस्टरवर देऊ.

आपली नम्र,
एक कार्यानुभव शिक्षिका, नाशिक