नौपाड्याच्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ऐरोलीच्या आमच्या अभ्यासवर्गात आता फ्रीबीएसडी या मोफत, खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा अख्खा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅमचा मजकूर), बदलांच्या सगळ्या इतिहासासकट, एका मशीनवर आहे. रोज रात्री तो आपोआप ताजा होतो आणि मुलांची मशीन्स त्याच्याकडूनच बदल घेतात. हे तुमच्यामुळे झालं, म्हणून चारचौघांत आभार मानतो आहे. निवृत्तीनंतरचे शनिवार तुम्ही आमच्यासाठी पनवेलच्या गाडीत बसून घालवलेत.

तुम्ही कमांडपासून सुरुवात केली नाहीत, हे मला फार आवडलं. आधी डायल-अपचे दिवस सांगितलेत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा अख्खा सोर्स उतरवणं म्हणजे फोनच्या बिलाचा धसका. सीटीएम या सोयीमुळे आदल्या वेळेनंतर बदललेलं तेवढंच ईमेलने घरी यायचं. मग जॉन पोल्स्ट्रा यांचं सीव्हीसप आलं, बदल तेवढेच नेटवरून आणणारं, मॉड्युला-३ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. पुढे २००८ मध्ये सोर्स सबव्हर्जन या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीवर. आपल्याकडे जे नाही तेवढंच मागवायचं, ही युक्ती मात्र टिकली. नवे बदल आणणारी गिट फेच ही कमांड आत काय करते, ते मुलांना तिथे लख्ख कळलं.

पण माझ्या लेखी तुमचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे सोर्ससोबत येणारी ‘अपडेटिंग’ ही फाइल वाचायची सवय. पुल (नवे बदल आपल्या प्रतीत उतरवणं) झालं की लगेच मेक बिल्डवर्ल्ड (सोर्समधून सिस्टिम बांधणं) करायचं नाही; मागच्या वेळच्या तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी आधी वाचायच्या. नवी नोंद सर्वांत वर असते. कुठला बदल जुनी मांडणी मोडणार आहे, याचा इशारा तिथेच मिळतो. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना तुम्ही एकेक नोंद मराठीत उलगडून दिलीत. आता ती आपापसांत वाचून दाखवतात.

मुलांचे प्रयोग सोर्सच्या वेगळ्या शाखेवर, मेन म्हणजे मुख्य शाखा कोरी आणि पुल कायम फास्ट-फॉरवर्ड-ओन्ली (आपले बदल न मिसळता फक्त पुढे सरकणारं), हा नियम भिंतीवर लावला आहे. नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा), मग रीबूट, मग वर्ल्ड (बाकीची सिस्टिम), हा क्रमही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. मध्यंतरी पावसात नेट गेलं होतं. एका मुलीला यूएलई शेड्युलरमधली (कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागातली) एक अट तिथे का आहे, ते कळत नव्हतं. तिने कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवणारी गिट ब्लेम ही कमांड चालवली, त्या ओळीमागचा कमिट (बदलाची नोंद) शोधला आणि लिहिणाऱ्याने दिलेलं कारण वाचलं. कुणालाही न विचारता! इतिहासासकट प्रत ठेवण्याचा तुमचा आग्रह किती योग्य होता, ते त्या दुपारी सगळ्या वर्गाने पाहिलं.

आता मुलांना पोर्ट्सचं (फ्रीबीएसडीवर बाहेरचे प्रोग्रॅम बसवण्याच्या कृतींचं) भांडारही असंच ठेवायचं आहे. त्यासाठी डिस्कवर जागा मोकळी केली आहे. पुढच्या शनिवारी याल तेव्हा काकूंनाही घेऊन या. इतके शनिवार त्यांनी तुम्हाला आमच्याकडे पाठवलं. मुलांना त्यांचेही आभार मानायचे आहेत.

आपला,
अभ्यासवर्गाचा शिक्षक, ऐरोली